सातबाऱ्यावरचं एकावन्नावं नाव

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मा. अध्यक्ष, मा. सदस्य-सचिव आणि सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

विषय : नवी वनस्पती किंवा नवा कीटक ज्या जागेवर पहिल्यांदा सापडला, त्या जागेची नोंद गावाच्या कागदावर घेण्याबाबत.

विषयाची ओळ सरकारी वाटली तर तो सवयीचा दोष समजावा. तेहेतीस वर्षं एका तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातला निम्मा वेळ अर्ज लिहिण्यात गेला. आता निवृत्त आहे. हा अर्ज कुणाच्या शिफारशीशिवाय पाठवता येतो, म्हणून सगळ्यांदेखत पाठवतो आहे.

माझ्या नावावर एकही नवी जात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना या माणसाचं काहीतरी राहून गेलंय असं आपल्याला वाटेल, आणि ते खरंच आहे.

ऑगस्ट १९९६. तिसऱ्या वर्षाची नऊ मुलं घेऊन एका सड्यावर गेलो होतो. सिंधुदुर्गातला सडा, इतकंच सांगतो. गावाचं नाव का देत नाही ते पुढे येईल. ज्यांनी पावसातला सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं : रान चढून वर आलं की अचानक झाडं संपतात आणि जांभ्याचा उघडा कातळ लागतो, रानाच्या डोक्यावरची टाळू म्हणा ना. उन्हाळ्यात तिथे चपलेतूनही पाय भाजतात. पहिला पाऊस पडला की कातळाच्या खळग्यांत बोटभर माती आणि बोटभर पाणी साठतं. मग आधी दीपकाडी येते, मागून सीतेची आसवं, मग गेंद. ऑक्टोबर सरता सरता सगळी मंडळी बी टाकून निघून जातात आणि पुन्हा काळा दगड उरतो.

गेंद म्हणजे गवतासारखी पानं आणि काडीच्या टोकाला पांढरं बटण. कासच्या फोटोंत पांढरे ठिपके दिसतात, ते बहुतेक तेच. त्या एका बटणात डझनावारी फुलं असतात, आणि जात ओळखायची तर त्यांतलं एकेक फूल सुईने सोडवून पाकळीवरची काळी ग्रंथी, तिच्या कडेचे केस आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरणाऱ्या बीच्या सालीवरची नक्षी बघावी लागते. नक्षीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आमच्या कॉलेजात साध्या सूक्ष्मदर्शकाचा आरसाही फुटका होता. तर एका मुलीने विचारलं, "सर, हा गेंद वेगळा नाही का?" बटण नेहमीपेक्षा करडं होतं आणि काडी पिळलेली होती. मी वर्गात देतो तसं उत्तर दिलं, "बघू." वर्तमानपत्रात दाबला, वाळवला, कार्डशीटवर शिवला आणि लेबलवर लिहिलं, "गेंद. जात?" प्रश्नचिन्ह पेन्सिलीने.

पंधरा वर्षं ती शीट कपाटात राहिली. मग कॉलेजची नवी इमारत झाली, कपाटं एक अख्खा पावसाळा व्हरांड्यात उभी होती. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा वैरी म्हणजे तपकिरी रंगाचा एक बारीक भुंगेरा. तो सिगारेटची तंबाखू खातो, मसाल्याचे डबे पोखरतो आणि वाळलेल्या फुलांवरही तितकीच माया करतो. आम्ही वनस्पतिवाले कीटकांकडे कधी नीट बघत नाही, त्याचा हा सूड असावा. शीट उघडली तेव्हा तिच्यावर दोरा होता, लेबल होतं आणि थोडी भुकटी होती.

पुढच्या पावसात परत सड्यावर गेलो. तिथे चिरेखाण होती. चौकोनी, काटकोनात कापलेले खड्डे, तळाला हिरवं पाणी.

ती जात नवी होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दोष माझा आहे. पंधरा वर्षांत मी ती शीट घेऊन एसटीने पुण्याला जाऊ शकलो असतो. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मंडळींनी सिंधुदुर्गातूनच एक नवा गेंद शास्त्राला दिला : एरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम, म्हणजे बारीक डोक्याचा गेंद. बातमी वाचल्यावर आधी त्याचं वर्णन मिळवलं आणि माझ्या आठवणीतल्या गेंदाशी ताडून पाहिलं. जुळलं नाही. जुळतही असेल. आठवण हा काही होलोटाइप नव्हे.

हा होलोटाइप काय असतो ते आपल्यापैकी जे प्रशासनातून आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो, कारण माझी सगळी मागणी त्याच्या शेजारच्या शब्दावर उभी आहे. एखादी जात नवी आहे असं म्हणायचं तर आधी जगात कुणी ती वर्णन केलेली नाही ना, हे तपासावं लागतं. सह्याद्रीपुरतं बोलायचं तर डाल्झेल आणि गिब्सन यांच्या १८६१ च्या पुस्तकापासून कुकच्या मुंबई इलाख्याच्या 'फ्लोरा'पर्यंत आणि तिथून कालच्या शोधनिबंधापर्यंत सगळं चाळायचं. जवळच्या जातींचे जुने नमुने बघायचे. ते पुष्कळदा इथे नसतातच, लंडनच्या क्यू बागेत असतात. मग वर्णन लिहायचं. २०११ सरेपर्यंत वनस्पतींसाठी ते लॅटिनमध्ये लिहावं लागे, आता इंग्रजीत चालतं. (मराठीत चालत नाही, पण आज तो विषय नको.) आणि १९५८ पासून एक गोष्ट बंधनकारक आहे : या नावाचा खुंटा म्हणून एक प्रत्यक्ष नमुना दाखवायचा. तो होलोटाइप. उद्या कुणी त्या जातीचे दोन तुकडे केले, कुणी तिला दुसऱ्या जातीत मिळवलं, तरी मूळ नाव त्या एका वाळक्या रोपट्याशी बांधलेलं राहतं. किड्यांचंही तसंच. एक टाचणी, टाचणीवर किडा, त्याखाली तांदळाएवढ्या अक्षरांची दोन लेबलं.

त्या लेबलवर जागा लिहिलेली असते. ती टाइप लोकॅलिटी. मराठीत तिला मूळस्थान म्हणू या.

एकोणिसाव्या शतकात या जागेबद्दल साहेब लोक फार सैल होते. कोकणातून क्यूला गेलेल्या कित्येक नमुन्यांवर छापील चिठ्ठी आहे : 'मलबार, कोकण, इत्यादी'. त्या 'इत्यादी'त आमचे सगळे घाट, सगळे सडे आणि सगळ्या देवराया. आज तसं नाही. आजच्या निबंधात अक्षांश-रेखांश असतात, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, तारीख असते. म्हणजे अमुक एक जीव पृथ्वीवर नक्की कुठून ओळखला गेला, हे आपल्याला चार-पाच मीटरच्या अंतराने ठाऊक असतं.

एवढं ठाऊक असून त्या चार-पाच मीटरचं आपण काय करतो? २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३९ आपल्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. नवी जात सापडली तर ती ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायची आणि तिथे नमुना जमा करायचा, असं ते सांगतं. चांगलं कलम आहे. माझ्या कपाटासारखी कपाटं त्याने वाचतील. पण वाळलेल्या रोपट्याने कुठे राहायचं याची व्यवस्था कायद्याने केली आणि ते जिथून उपटलं तिथे उरलेल्या जिवंत रोपट्यांना मात्र कुणी वाली नाही. शोधनिबंध न्यूझीलंडहून निघणाऱ्या नियतकालिकात, नमुना कोलकात्यात, बातमी पुण्या-मुंबईच्या पेपरात. गावात काय? ग्रामपंचायतीला पत्र नाही, तलाठ्याला माहीत नाही, वनरक्षकाला असलंच तर व्हॉट्सॲपवरून.

आणि सातबाऱ्यावर त्या जागेपुढे शब्द असतो, पोटखराबा. लागवडीला नालायक. जगात दुसरीकडे कुठेही न उगवणाऱ्या झाडांच्या जमिनीला आपल्या दप्तरात असलेलं हे नाव. महसूल खात्याला मी दोष देत नाही, त्यांच्या हिशोबात जे पिकत नाही ते खराब. पण कुणी चिरेखाणीचा अर्ज केला, किंवा सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरची माती भरली आणि आंब्याची कलमं लावली, तर तो माणूस कागदोपत्री पोटखराबा सुधारतोच आहे. पर्यावरणाची पाहणी करायला माणसं येतातही कधीकधी. येतात मार्च-एप्रिलात. रस्ता सुका असतो ना. अहवालात लिहितात, उघडा खडक, वनस्पती तुरळक. खोटं नसतं ते. एप्रिलमध्ये मीही तसंच लिहीन.

सड्यांच्या बाबतीत एक गंमत घडली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळांवरच्या खोदचित्रांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली, आणि कालपर्यंत ज्या कातळाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं तिथे पाट्या लागल्या, चिऱ्यांची कुंपणं झाली. मला आनंदच आहे. माणसाने काढलेल्या रेघांना जागेचा मान मिळाला; त्याच रेघांमधल्या मातीत उगवणाऱ्या गेंदाला मिळायचा आहे.

आपल्याकडे नव्या जातींच्या बातम्या होतात, नाही असं नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने २०२३ या एका वर्षासाठी देशाच्या यादीत ६४१ प्राण्यांची भर मोजली, त्यांतले ४४२ शास्त्राला पूर्ण नवे. म्हणजे दिवसाला एकाहून जास्त. त्यांत कीटक सगळ्यांत पुढे. त्याच वर्षी वनस्पतींच्या यादीत ३३९ नावं वाढली. पण पेपरात येतं ते नाव. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव दिलं, त्याची बातमी झाली. ठाण्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं, त्याचीही झाली. (कोळी कीटक नव्हे, हे मी परीक्षेत शंभर वेळा तपासलं आहे, पण तो उल्लेख वगळवला नाही.) ही नावं वाचून माझाही ऊर भरून येतो. मात्र त्या बातम्यांत गडाच्या कोणत्या कड्यावर, किती रोपं, त्या कड्याचं पुढे काय, हे शोधायला गेलो की मजकूर संपलेला असतो.

आंबोलीजवळच्या चौकुळच्या नावाने २०२२ मध्ये चतुर गटातल्या एका कीटकाचं नामकरण झालं, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. चौकुळच्या ग्रामसभेत ही बातमी वाचली गेली असेल का? आपल्या गावाचं नाव लॅटिन होऊन जगभरच्या ग्रंथालयांत गेलं, हे तिथल्या शाळेतल्या पोरांना कुणी सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर मी माझे शब्द मागे घेतो आणि पेढे घेऊन जातो.

जागेला कागद मिळाला की काय होतं, याचे दाखले आपल्याच मंडळाकडे आहेत. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० मध्ये एक नवा मासा वर्णिला गेला, आणि २०२१ मध्ये ते ठिकाण जैवविविधता वारसास्थळ झालं. वर्षाच्या आसपासच. इच्छा असली की फाइल किती झरझर चालते! त्या माशाच्या मागे मोठं वजन होतं असं लोक म्हणतात. मला त्यात पडायचं नाही, मासा खरोखर नवा होता आणि निर्णय योग्य होता. दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याच्या जायफळकुळातल्या झाडांच्या दलदलीलाही २०२० मध्ये तोच दर्जा मिळाला. आणि नाशिकच्या अंजनेरीवर २००६ मध्ये एक कंदीलपुष्प वर्णिलं गेलं, सेरोपेजिया अंजनेरिका. पुढे त्या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि वर रस्ता नेण्याचा विषय निघाला तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या तोंडी याच फुलाचं नाव होतं. वीतभर रोपट्याने तेवढं केलं, कारण त्याच्या नावातच डोंगराचा पत्ता होता.

सगळ्या मूळस्थानांना वारसास्थळ करा असं मी म्हणत नाही. होणार नाही ते, आणि होऊही नये; प्रत्येक सड्याला कुंपण आणि तिकीटखिडकी नको. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे निघताहेत, जुलै २०२४ चा सहावा होता. त्या रस्सीखेचीत हा अर्ज मला घालायचा नाही. माझं मागणं चार ओळींच्या नोंदीचं आहे.

महाराष्ट्रातून वर्णन झालेल्या जातींची मूळस्थानं मंडळाने गोळा करावीत. सगळं साहित्य छापलेलं आहे. सुरुवात हवी तर गेल्या पन्नास वर्षांपासून करा. साताऱ्याच्या सड्यांवरच्या वायतुरा या वनस्पतीला १९८२ मध्ये नाव मिळालं, तिथून धरलं तरी चालेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातली, पुण्याच्या वनस्पती आणि प्राणी या दोन्ही सर्वेक्षण केंद्रांतली आणि आघारकरमधली चार माणसं एका टेबलाशी बसली तर वनस्पतींची यादी एका पावसाळ्यात होईल. कीटकांना वेळ लागेल. मग प्रत्येक जागेची नोंद त्या गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या वहीत) जावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ चढावी : या गटात अमुक जातीचं मूळस्थान आहे. जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वनाच्या कामाच्या आराखड्यात, कक्ष क्रमांकासह. मालकाचा हक्क त्याने तसूभर कमी होत नाही. फक्त बिनशेतीचा किंवा गौण खनिजाचा अर्ज आला की तहसीलदाराच्या डोळ्यांसमोर ती ओळ येईल, आणि अशा गटाची पाहणी जून ते ऑक्टोबर या काळातच करायची, असा दंडक असावा. इतकंच.

कोकणातल्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावं असतात. त्यांतले निम्मे मुंबईत, काही कैलासवासी, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. त्यात एकावन्नावं नाव गेंदाचं चढलं तर कुणाला अडचण होईल असं वाटत नाही. हा एकच सहहिस्सेदार असा आहे, जो वाटणी मागणार नाही.

नोंदवहीचं नाव काढलं, तर तिथलंही स्पष्ट बोलायला हवं. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, चुकलात तर राज्याला महिन्याला १० लाखांचा भुर्दंड, आणि मग गावोगावच्या नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. राज्यात या वह्या करणाऱ्या २८ हजारांहून अधिक जैवविविधता समित्या कागदावर आहेत. मी पाहिलेल्या काही नोंदवह्या मनापासून केलेल्या आहेत, म्हाताऱ्यांना विचारून, रानात फिरून. आणि घाटमाथ्यावरच्या एका गावाच्या नोंदवहीत मला पापलेट आणि सुरमई भेटली. समुद्र तिथून सत्तर किलोमीटर. कुणीतरी किनाऱ्यावरच्या गावाची प्रत काढून वरचं पान बदललं होतं. अशा वहीत एक खरं, छापील पुरावा असलेलं पान घातलं, तर त्या वहीलाही जरा बूड येईल.

आता आक्षेप. पहिला माझ्याच गोटातला आहे आणि तो खरा आहे : जागा जाहीर केली की चोर येतात. कंदीलपुष्पाचे कंद उकरून नेणारे हौशी आहेत, विकणारेही आहेत. म्हणूनच मी वर गावाचं नाव दिलं नाही. पण शोधनिबंधात अक्षांश-रेखांश आधीच छापलेले असतात. चोराला इंग्रजी वाचता येतं. ज्याला कळत नाही तो गावकरी. नोंदवहीतली माहिती गोपनीय ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. सातबाऱ्यावर जातीचं नाव न घालता नुसता नोंद क्रमांक घाला.

दुसरा आक्षेप असा की जात काही एकाच जागी नसते. पुढच्या सड्यावरही असेल, मग त्या एका गटाचं कौतुक कशाला? पुष्कळदा असतेच. शिंदळ माकुडी ही वनस्पती डाल्झेलने जुन्नरच्या बाजूला शोधली तेव्हा ती तेवढीच वाटत होती. नंतर ती इतर गडांच्या कड्यांवरही सापडली. तरीही मूळस्थान लागतं, कारण शंका आली की माणूस तिथेच परत जातो. नवीन फुलं, पिकलेलं बी, डीएनएसाठी ताजं पान, सगळं तिथूनच हवं असतं. माझ्या गेंदाची शीट भुकटी झाली तरी सडा शाबूत असता तर पुढच्या ऑगस्टमध्ये सगळा प्रश्न सुटला असता.

हे 'नंतर' किती लांबतं याचा आपल्याला अंदाज असावा. जगभरच्या नव्या जातींचा हिशोब २०१२ मध्ये काही संशोधकांनी मांडला होता : नमुना गोळा झाल्यापासून नाव छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं. माझी पंधरा वर्षं म्हणजे अगदीच अपवाद नव्हेत. अजून नाव न मिळालेल्या फुलझाडांपैकी निम्म्याहून अधिक आधीच जगातल्या कुठल्या ना कुठल्या हर्बेरियममध्ये पडून असावीत, असंही एका अभ्यासाने २०१० मध्ये दाखवलं. म्हणजे एखाद्या कॉलेजच्या व्हरांड्यातल्या कपाटातही. जमलं तर कॉलेजांतल्या जुन्या हर्बेरियमांची एक मोजदाद करा. बहुतेक ठिकाणी ते सांभाळणारा माणूस निवृत्त झाला की किल्लीही हरवते.

वनस्पतींची ही गत, तर कीटकांचं काय सांगावं. टेरी अर्विन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने पनामाच्या जंगलात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचं धुकं सोडलं आणि खाली पडलेले भुंगेरे मोजले. बाराशेच्या आसपास जाती निघाल्या. त्यावरून त्याने १९८२ मध्ये गणित मांडलं की उष्ण कटिबंधातल्या संधिपाद (कीटक, कोळी वगैरे) जीवांच्याच तीन कोटी जाती असाव्यात. आकडा फार झाला असं पुढे अनेकांनी दाखवून दिलं, तो बराच खालीही आला. पण आजवर नाव मिळालेले सगळे कीटक धरले तरी ते दहा लाखांच्या घरातच आहेत.

मला आकड्यांपेक्षा एक माशी आठवते. निवृत्तीच्या आधीच्या सप्टेंबरात घाटातल्या उतारावर एक कंदीलपुष्प सापडलं. या फुलाची करामत आपण ऐकली असेल. वरचा भाग आकाशकंदिलासारखा, खाली नळी, तळाला फुगीर कोठी. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. कोठीत अडकून ती धडपडते, तेव्हा परागांच्या पुंजक्या तिच्या तोंडाला चिकटतात. मग केस कोमेजतात, फूल मान टाकतं, माशी सुटते आणि शहाणी न होता दुसऱ्या कंदिलात शिरते. मी ते फूल ब्लेडने उभं कापलं. आत माशी होती, तोंडाला पिवळा ठिपका. अल्कोहोलच्या बाटलीत घातली. वेलीचं नाव मला पाच मिनिटांत सांगता आलं, पुस्तक होतं. माशीचं नाव सांगणारा माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. कूळ सांगितलं एकांनी, पुढे ते म्हणाले, "प्रजातीसाठी थांबावं लागेल." थांबलो आहे. त्या माशीशिवाय त्या वेलीला शेंग धरणार नाही. ती वेल वाचवायची म्हणून कुणी कंद शहरातल्या बागेत नेऊन लावला, तर तिथे ती फुलेल आणि वांझ राहील. बाटली माझ्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या मागे आहे. घरात तिच्यावरून बोलणी खातो.

त्या उतारावर ती वेल मला दाखवली ती एका धनगराच्या पोराने. तो तिला खरपुडी म्हणाला, आणि गुरं राखताना आपण तिचे कंद खातो हेही म्हणाला. शास्त्राला जे 'नवं' असतं ते पुष्कळदा कुणाच्या तरी न्याहारीतलं असतं. निबंधाच्या शेवटी 'स्थानिकांचे आभार' अशी ओळ असते. स्थानिक कोण, त्याचं नाव काय, हे नसतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी यापेक्षा बरी रीत होती. कोचीच्या डच गव्हर्नराने, व्हॅन रीडने, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडी ग्रंथ १६७८ पासून छापला, त्यात माहिती देणारे वैद्य नावानिशी आहेत. इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोकणी. त्या तिघांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलं आहे. पुढे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने याच ग्रंथातल्या चित्रांवरून कित्येक जातींना नावं दिली. म्हणून नोंदवहीच्या त्या पानावर आणखी एक रकाना असावा : जागा कुणी दाखवली. त्या माणसाची हरकत नसेल तर पूर्ण नाव.

आपण म्हणाल, हे महसूल खात्याचं काम, आम्ही फक्त शिफारस करू शकतो. मग शिफारस करा. पण ती करण्याआधी एकदा या. बैठक नागपुरात नको, सड्यावर घेऊ. ऑगस्टचा दुसरा आठवडा बरा. तेव्हा गेंद फुललेला असतो आणि पाऊस मध्ये मध्ये उसंत देतो. सावंतवाडीपर्यंत रेल्वे आहे, पुढचं मी बघतो. बूट नकोत, पाणी शिरतं. रबरी चपला आणा. रानातल्या वाटेवर जळवा आहेत, त्यासाठी तंबाखूचं पाणी करून ठेवीन. चिरेखाणीच्या पलीकडे सड्याचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, साधारण दोन एकर. दर पावसाळ्यात मी तिथे करड्या बटणाचा गेंद शोधतो. भिंगं माझ्याकडे दोन आहेत.

कळावे,

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर आणि सातारा.
प्रत आठवणीसाठी : १९९६ ची ती विद्यार्थिनी. तिने बरोबर विचारलं होतं.